कन्सोल सारखा अडकतोय? हर्क्युलिसवरच्या एमव्हीएस ३.८जे साठी समस्या निवारण

समस्या

हर्क्युलिस (साध्या संगणकावर आयबीएमचा मेनफ्रेम चालवणारा प्रोग्राम) सुरू होतं, एमव्हीएसचं (त्या मेनफ्रेमच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचं) आयपीएल, म्हणजे बूट, होतं, थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं आणि मग कन्सोल (ऑपरेटरचं टर्मिनल) गप्प बसतो. कधी कीबोर्ड लॉक होतो आणि पडद्याच्या तळाशी 'एक्स सिस्टीम' असं येतं. कधी पडदा संदेशांनी गच्च भरतो आणि पुढे सरकतच नाही. कधी टर्मिनल जोडलं जातं, हर्क्युलिसचं स्वागतचित्रही दिसतं, पण सिस्टीमची एकही ओळ येत नाही. सगळं बंद करून पुन्हा आयपीएल केलं की चालतं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

पुन्हा आयपीएल करणं हा यावरचा उपाय नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. एकतर चालू जॉब्ज मध्येच तुटतात. दुसरं म्हणजे अडकण्याचं कारण होतं तिथेच राहतं. आणि बहुतेक वेळा मशीन अडकलेलं नसतंच. ते तुमची वाट बघत असतं.

खालचं सगळं टीके४- किंवा एमव्हीएसच्या तशाच तयार संचाला धरून लिहिलं आहे. मुख्य कन्सोल ०१० पत्त्यावरचं ३२७० टर्मिनल आणि ००९ वर हर्क्युलिसच्या स्वतःच्या खिडकीतला ३२१५-सी (टाइपरायटर प्रकारचा) कन्सोल, अशी मांडणी गृहीत आहे. तुमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पत्ते वेगळे असतील तर ते वापरा. आज्ञा मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि आकडे वापरायचे.

आधी हे समजून घ्या: कन्सोल आणि मेनफ्रेम बोलतात कसे

घाई असेल तर हा भाग सोडून पुढे जाता येईल, पण मी म्हणेन सोडू नका. इथली यंत्रणा डोक्यात बसली की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० मालिकेत ऑपरेटरसमोर सहसा पडदा नसायचा. असायचं ते १०५२ मॉडेल ७, म्हणजे सिलेक्ट्रिक टाइपरायटरच्या फिरत्या गोळ्याने कागदावर अक्षरं उमटवणारं यंत्र. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १४.८ अक्षरं. साठ अक्षरांची एक ओळ छापायला चार सेकंद लागायचे. तेवढ्यात आणखी दहा संदेश तयार झाले तर ते ठेवायचे कुठे? म्हणून ऑपरेटिंग सिस्टीममध्ये संदेशांसाठी बफर ठेवावे लागले, आणि त्या बफरांना मर्यादा होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१०५२ वर मनात येईल तेव्हा टाइप करता येत नसे. ऑपरेटर आधी 'रिक्वेस्ट' कळ दाबायचा. त्यातून चॅनेलमार्फत (उपकरणं आणि सीपीयू यांच्यातल्या दुव्यामार्फत) सीपीयूकडे 'अटेन्शन' जायचं: स्टेटस बाइटमधला सगळ्यात डावा बिट, म्हणजे हेक्स ८०. सीपीयू हातातलं काम तिथेच ठेवून मेमरीतल्या १२० क्रमांकाच्या ठरलेल्या जागेवरून नवा पीएसडब्ल्यू (सीपीयूने पुढे कुठून आणि कसं चालायचं ते सांगणारी नोंद) उचलायचा आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या इंटरप्ट हाताळणाऱ्या भागात शिरायचा. तो भाग कन्सोलला 'रीड इन्क्वायरी' ही चॅनेल आज्ञा द्यायचा, हेक्स ०ए. मग कुठे 'प्रोसीड' दिवा लागायचा आणि कीबोर्ड मोकळा व्हायचा. ओळ लिहून झाली की ऑल्टरनेट कोडिंगची कळ धरून ५ दाबायचं. त्याने ओळ संपली असं कळायचं. चुकलं असेल तर ५ ऐवजी ०, की ओळ रद्द.

म्हणजे ऑपरेटरने नुसती हाक मारायची, आणि ऐकायचं कधी ते ऑपरेटिंग सिस्टीमने ठरवायचं. पवईच्या आयआयटीत ७० च्या दशकात आलेलं सोव्हिएत बनावटीचं ईसी-१०३० हे मशीनही सिस्टीम/३६० च्याच आराखड्यावर बेतलेलं होतं. तिथे ज्यांनी काम केलं त्यांना इंटरप्ट, चॅनेल, पीएसडब्ल्यू ही भाषा नवी वाटणार नाही.

१९७१ मध्ये ३२७० मालिका आली आणि चित्र बदललं. आता टर्मिनलला स्वतःची मेमरी होती. तुम्ही टाइप केलेली अक्षरं त्या मेमरीत बसतात, पडद्यावर दिसतात, पण मेनफ्रेमला त्यांचा पत्ताही नसतो. बँकेत आपण पैसे भरायची स्लिप कितीही वेळ खोडून लिहीत बसलो तरी काउंटरवर देईपर्यंत कारकुनाला त्याचं काही नसतं, तसंच हे. एन्टर दाबणं म्हणजे स्लिप आत सरकवणं.

एन्टर दाबल्यावर दोन गोष्टी होतात. टर्मिनल आपला कीबोर्ड स्वतःच लॉक करतं आणि मेनफ्रेमकडे तेच जुनं अटेन्शन पाठवतं. ऑपरेटिंग सिस्टीम त्यावर साधारणपणे 'रीड मॉडिफाइड' ही आज्ञा देते, थेट चॅनेलवरच्या ३२७० साठी हेक्स ०६. उत्तरात काय जातं ते जवळून बघू. समजा पडद्याच्या पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घरापासून तुम्ही 'डी टी' ही वेळ विचारणारी आज्ञा लिहिली. निघणारे बाइट असे:

७डी ४० सी४ ११ ४० सी१ सी४ ४० ई३

७डी म्हणजे 'एन्टर दाबलं'. पुढचे दोन बाइट कर्सर कुठे आहे ते सांगतात. ११ म्हणजे 'आता पत्ता येतोय', आणि ४० सी१ हा त्या जागेचा पत्ता. शेवटचे तीन म्हणजे तुमची अक्षरं, एब्सिडिक या आयबीएमच्या अक्षर-संकेतात: डी, मोकळी जागा, टी. टीएन३२७० (नेटवर्कवरून ३२७० जोडायची पद्धत) वरून जाताना या सगळ्याच्या शेवटी एफएफ ईएफ ही नोंद संपल्याची खूण लागते.

यात एक बारकावा आहे. 'डी' नंतर स्पेसबार न दाबता उजव्या बाणाने एक घर पुढे जाऊन 'टी' लिहिलं तर पडद्यावर अगदी तसंच दिसतं. पण त्या घरात स्पेस नसते, रिकामा नल असतो, आणि रीड मॉडिफाइड नल गाळून टाकतं. मेनफ्रेमला पोचतं 'डीटी'. टीएसओमध्ये (एमव्हीएसवर टर्मिनलवरून काम करायची सोय) किंवा इतरत्र बरोबर लिहिलेली आज्ञा चुकीची ठरत असेल तर आधी हे तपासा.

आता कुलूप. ते टर्मिनलने घातलं, पण काढायचं काम मेनफ्रेमचं. मेनफ्रेम जेव्हा पडद्यावर काही लिहितं तेव्हा आज्ञेमागोमाग एक नियंत्रण बाइट येतो. त्यात ०२ किमतीचा बिट असला तरच कीबोर्ड सुटतो. 'एक्स सिस्टीम' याचा अर्थ इतकाच: तुमची स्लिप आत गेली, पण तो बिट अजून परत आलेला नाही. याला बिघाड म्हणायचं की नाही, हे तो बिट का आला नाही यावर ठरतं.

पहिली तपासणी: मशीन जिवंत आहे का

हर्क्युलिसच्या खिडकीत 'पीएसडब्ल्यू' आज्ञा द्या. ०७०ई०००० ०००००००० दिसलं तर घाबरू नका. एमव्हीएसला करायला काही काम नाही म्हणून ते इंटरप्टची वाट बघत निवांत आहे. याचा अर्थ मशीन ठीक आहे, शोध कन्सोलच्या बाजूला घ्यायचा.

हर्क्युलिसने 'डिसेबल्ड वेट स्टेट' असं कळवलं असेल तर गोष्ट वेगळी. आता कुठलाही इंटरप्ट ऐकला जाणार नाही, इथे आयपीएल करावंच लागतं. पण करण्याआधी पीएसडब्ल्यूचे शेवटचे तीन आकडे लिहून घ्या. ते ००७ असतील तर एमव्हीएसला सुरू होताना वापरण्याजोगा एकही कन्सोल सापडला नाही. टर्मिनल जोडण्याआधीच आयपीएल केलं आणि कॉन्फिगरेशनमध्ये ३२१५-सी नाही, असं असलं की हेच होतं. न जोडलेल्या ३२७० बद्दल हर्क्युलिस 'इंटरव्हेन्शन रिक्वायर्ड' असं सांगतं, खऱ्या बंद पडलेल्या टर्मिनलबद्दल कंट्रोल युनिट सांगायचं तसंच. उपाय सरळ आहे: आधी टर्मिनल जोडा, हर्क्युलिसच्या नोंदीत ते ०१० ला जोडल्याचं बघा, मग आयपीएल. आणि ००९ ची ३२१५-सी ची ओळ कधीही काढू नका.

टर्मिनल जोडलंय, पण एकही ओळ येत नाही

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हाच. लॅपटॉप झोपवला, वाय-फाय गेलं, दुसऱ्या खोलीतल्या मशीनवरून जोडणी होती ती तुटली. परत आल्यावर एक्स३२७० (३२७० टर्मिनलचं काम करणारा प्रोग्राम) उघडलं, जोडलं गेलं, पण पडदा रिकामा.

हर्क्युलिसच्या खिडकीत 'डेव्हलिस्ट' (उपकरणांची यादी) द्या आणि ०१० समोर काय लिहिलंय ते वाचा. तीन शक्यता.

जुनी जोडणी हर्क्युलिसच्या लेखी अजून जिवंत असेल, तर ०१० अडवलेलं असतं आणि तुमचं नवं टर्मिनल पुढच्या मोकळ्या पत्त्यावर जाऊन बसतं, ०११ किंवा टीएसओच्या एखाद्या पत्त्यावर. एमव्हीएस त्या पत्त्याला कन्सोल मानतच नाही, मग ओळी येणार कुठून? मोकळा पत्ता नसेल तर जोडणी नाकारल्याचा संदेश टर्मिनलवरच दिसतो. हर्क्युलिस अशा मेलेल्या जोडण्या ओळखण्यासाठी टीसीपीची कीप-अलाइव्ह सोय वापरतं. कॉन्फिगरेशन फाइलमधल्या 'कॉनकेपीएएलव्ही' या ओळीत तिचे ३, १, १० असे तीन आकडे असतात: तीन सेकंद शांतता झाली की चाचपणी सुरू, दर सेकंदाला एक, दहा निष्फळ गेल्या की जोडणी तोडायची. कुणी हे आकडे फार वाढवून ठेवले असतील तर खाली आणा. शिवाय टर्मिनल जोडताना पत्ता स्पष्ट सांगा: यजमानाच्या नावाआधी ०१० आणि ॲटचं चिन्ह लावलं की एक्स३२७० त्याच पत्त्याची मागणी करतं. ही सवय लावली तर ही अडचण पुन्हा येत नाही.

दुसरी शक्यता: तुम्ही ०१० वरच आहात, पण मधल्या काळात एमव्हीएसने कन्सोल हलवला. टर्मिनल तुटल्यावर पुढचा संदेश लिहायला गेलेल्या एमव्हीएसला इंटरव्हेन्शन रिक्वायर्ड मिळालं, आणि त्याने शहाण्यासारखा मुख्य कन्सोलचा मान ००९ ला दिला. सगळे संदेश आता हर्क्युलिसच्या खिडकीत पडत असतात. ही सोय मुद्दाम केलेली आहे, कारण बँकेचं किंवा रेल्वेचं मशीन एका टर्मिनलची वायर निघाली म्हणून मुकं होऊन चालणार नव्हतं. हर्क्युलिसच्या खिडकीत तिरकी रेघ पुढे लावून 'व्ही ०१०,कन्सोल' आणि मग 'व्ही ०१०,एमएसटीकॉन्स' द्या. संदेश ०१० वर परततात.

००९ सुद्धा प्रतिसाद देत नसेल तर 'ईएक्सटी' आज्ञा वापरा. जुन्या मशीनच्या पॅनेलवर 'इंटरप्ट' नावाचं बटण असायचं, ही आज्ञा ते दाबते. एमव्हीएस त्याचा अर्थ 'मुख्य कन्सोल गेला, पर्यायी घे' असा लावतं. म्हणूनच उगाच दाबून बघू नका. कन्सोल चांगला चालत असेल तर तो हातातून जाईल.

तिसरी शक्यता अगदी साधी. ३२७० चा क्लायंट न वापरता साधं टेलनेट वापरलंय. जोडणी होताना दोन्ही बाजू टर्मिनलचा प्रकार, बायनरी आणि नोंदीच्या शेवटाची खूण या तीन गोष्टींवर बोलणी करतात. समोरच्याने आयबीएम-३२७८-२ सारखं नाव सांगितलं नाही तर हर्क्युलिस त्याला टाइपरायटर समजतं आणि १०५२ किंवा ३२१५ प्रकारचा मोकळा पत्ता शोधतं. एक्स३२७०, सी३२७० किंवा विंडोजवर डब्ल्यूसी३२७० घ्या, प्रश्न मिटतो.

पडदा भरलाय आणि पुढे सरकत नाही

तळाशी आयईई१५९ई, 'मेसेज वेटिंग' असं दिसत असेल तर कन्सोल अजिबात बिघडलेला नाही. पडद्यावर जागा नाही आणि मागे संदेश रांगेत आहेत, एवढंच तो सांगतोय.

हे लगेच सोडवायला हवं, कारण इथे ते मर्यादित बफर आडवे येतात. रांग वाढत गेली की बफर संपतात. मग ज्या ज्या कामाला ऑपरेटरसाठी संदेश लिहायचा आहे ते काम बफर मिळेपर्यंत थांबतं. जॉब सुरू होताना संदेश, संपताना संदेश, टेप मागताना संदेश. त्यामुळे हळूहळू सगळं मशीनच जागीच थांबल्यासारखं होतं. एका भरलेल्या पडद्यामुळे अख्खी सिस्टीम ठप्प होते ती अशी.

आज्ञा लिहायची जागा संदेशांपासून वेगळी असते, त्यामुळे पडदा भरलेला असतानाही आज्ञा देता येते. कर्सर दुसरीकडे जाऊन कीबोर्ड लॉक झाला असेल तर रीसेट दाबून होम किंवा टॅबने त्या जागेवर या. मग 'के एस,आरईएफ' दिलं की सध्याची मांडणी दिसते. 'डीईएल=एन' असेल तर कारण सापडलं: जुने संदेश आपोआप पुसायचे नाहीत असं सांगून ठेवलंय. 'के एस,डीईएल=आरडी' द्या. आता पडदा आपोआप वर सरकतो, फक्त ज्या संदेशांवर तुम्ही काही करायचं बाकी आहे ते जागेवर राहतात. किती ओळी सरकवायच्या ते 'आरएनयूएम' आणि किती सेकंदांनी ते 'आरटीएमई' ठरवतं. पुढच्या आयपीएलनंतर ही मांडणी पुन्हा तपासा.

'आरडी' असूनही पडदा भरतो तेव्हा बघायचं की जागेवर राहिलेले संदेश कोणते आहेत. बहुतेकदा ते आयईए०००ए असतात: अमुक पत्त्याचं उपकरण तयार नाही, लक्ष द्या. प्रिंटरची फाइल जोडलेली नाही, असलं काहीतरी. कारण दूर करा, मग 'के ई,१,५' अशी आज्ञा देऊन पहिल्या ते पाचव्या ओळीतले संदेश काढून टाका. सगळंच सरकत राहावं असं वाटत असेल तर 'डीईएल=आर' आहे, पण मी ते सुचवणार नाही. कामाचे संदेशही वर निघून जातात आणि मग 'मशीन का थांबलं' हे शोधणं अवघड होतं.

दुसरी नेहमीची गोष्ट: उत्तर हवं असलेले संदेश. 'डी आर' दिलं की बाकी राहिलेल्या सगळ्या मागण्या क्रमांकासह दिसतात. ज्यांनी तयार संच न घेता स्वतः सिस्टीम उभारली आहे त्यांना आयपीएलच्या वेळी आयईए१०१ए हा संदेश भेटतोच, सिस्टीमचे पॅरामीटर विचारणारा. त्याला 'आर ००,सीएलपीए' किंवा तुमच्या गरजेचं उत्तर द्यायचं. पुढे जेईएस२ (एमव्हीएसचा जॉब्ज सांभाळणारा भाग) त्याचे पर्याय विचारतं. इथे मशीन कितीही वेळ थांबेल, अगदी रात्रभर. तो बिघाड नव्हे, उत्तर दिलं की लगेच पुढे जातं.

'एक्स सिस्टीम' जातच नाही

रीसेट दाबून कीबोर्ड सुटतो हे खरं, पण त्याने फक्त टर्मिनलचं कुलूप उघडतं. ऑपरेटिंग सिस्टीमकडून जे यायचं ते आलेलं नसतंच. म्हणून पुन्हा पुन्हा रीसेट आणि एन्टर करत बसण्यापेक्षा तारेवर काय चाललंय ते बघा.

हर्क्युलिसच्या खिडकीत 'टी+०१०' द्या, टर्मिनलवर एकदाच एन्टर दाबा, आणि नोंद वाचा. अटेन्शन गेलं, पण त्यानंतर वाचण्याची आज्ञा आलीच नाही, तर एमव्हीएस त्या पत्त्याकडे लक्ष देत नाहीये: पत्ता कन्सोल म्हणून चालू नाही, किंवा मान दुसरीकडे गेलाय. वर सांगितलेल्या 'व्ही' आज्ञांकडे जा. वाचण्याची आज्ञा आली, स्टेटस ०सी म्हणजे चॅनेल आणि उपकरण दोघांचंही काम संपल्याचं आलं, पण नंतर लिहिण्याची आज्ञा नाही, तर तुमची ओळ पोचली आहे आणि सिस्टीम आत कशासाठी तरी थांबली आहे. इथे ००९ वरून 'डी आर' आणि 'डी ए,एल' देऊन कोणतं काम काय धरून बसलंय ते बघा. आणि अटेन्शनच नोंदलं गेलं नाही तर दोष टर्मिनल आणि हर्क्युलिसच्या मधल्या जोडणीत आहे. 'आय ०१०' ही आज्ञा हर्क्युलिसकडून त्या पत्त्याचं अटेन्शन तयार करते. ती दिल्यावर पडदा जागा झाला तर एमव्हीएसची बाजू ठीक आहे याची खात्री पटते.

काम झालं की 'टी-०१०' विसरू नका, नाहीतर नोंदीची फाइल भराभर फुगते.

अक्षरं चुकीची उमटतात

ही वेगळी तक्रार, पण सोबत येतेच. बहुतेक वेळा चौकोनी कंस बिघडतात. एब्सिडिकच्या ०३७ तक्त्यात डावा-उजवा कंस बीए आणि बीबी वर आहेत, १०४७ मध्ये एडी आणि बीडी वर. क्लायंटचा कोडपेज आणि हर्क्युलिसचा कोडपेज जुळवा. सी भाषेतला कोड लिहिणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो, जेसीएल (जॉबच्या सूचनांची भाषा) लिहिणाऱ्यांना जवळपास नाही.

खरं टर्मिनल हाती आलं असेल तर

कुणी खरं ३२७८ आणि त्याचं ३२७४ कंट्रोल युनिट मिळवून चालवत असेल, आणि पडदा अधूनमधून जोडणी सोडत असेल, तर आधी केबल बघा. या दोघांमधला संवाद एकाच कोॲक्स केबलवरून सेकंदाला सुमारे २३.६ लाख बिट वेगाने चालतो. त्यासाठी आरजी-६२ ही ९३ ओहमची केबल लागते. केबल टीव्हीची आरजी-५९ किंवा आरजी-६ सहज मिळते आणि बीएनसी कनेक्टरही बसतो, पण ती ७५ ओहमची. जोडणीच्या जागी संकेताचा काही भाग उलटा फिरतो. लहान अंतरावर चालून जातं, लांबी वाढली की पडदा मध्येच सुटायला लागतो. योग्य केबलवर ही जोडणी सुमारे १५०० मीटरपर्यंत चालावी अशी तिची रचना आहे. केबल बदलल्यावर टर्मिनल बंद-चालू करा, म्हणजे कंट्रोल युनिट त्याला नव्याने ओळखेल.